बाबा कोणाला म्हणायचं

पिंपळगाव राजा
११ मे २०२५

वामन भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. पुष्पांजलीला आणि तुमच्या लेकाला, ऋत्विकलाही सांगा.

पत्र पाहून दचकू नका. घरात कोणी गेलेलं नाही, कोणी आजारीही नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. दुर्गचा तुमचा पत्ता आमच्या प्रज्वलने दिला. त्याने तो कुठून मिळवला हे तुम्ही काका-पुतण्याच बघून घ्या.

सरळ सांगते. अनूला व्हिसा नाकारला.

तुमची मुलगी अकोल्याला शेतकीची पदवी घेऊन बसली आहे, हे कानावर आलं असेलच. आता तिला परदेशातल्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे. पिकांच्या रोगांचा अभ्यास. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. नाव निघालं की तुमच्या भावाचं तोंड उतरतं, म्हणून घरात आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणतो. ह्यांचं नाव घेत नाही, तसंच त्या देशाचंही घेत नाही असं समजा.

विद्यापीठाने घेतलं, पण देशाने आत येऊ द्यायला हवं ना. त्यासाठी मुंबईत मुलाखत असते. खामगावात चंद्रशेखर नावाचा एक जण मुलांना तिकडे पाठवायची कामं करतो. त्याने तिची भरपूर तयारी करून घेतली. काय शिकणार, तिथेच जाऊन का शिकणार, शिकून परत का येणार. पोरगी घडाघडा बोलायची. आम्हाला इंग्रजी कळत नसलं तरी ऐकायला बरं वाटायचं.

खिडकीतल्या साहेबाने त्यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर वडील काय करतात.

अनू म्हणाली, भाजीपाला पिकवतात, खामगावच्या बाजारात नेतात.

साहेबाने कागद पाहिला. कागदावर वडिलांचं नाव वामनराव. हे वामनराव भाजी पिकवतात का, असं त्याने विचारलं.

अनू म्हणाली, नाही नाही, ते माझे काका.

झालं. चूक लक्षात आली तशी ती सावरायला गेली. म्हणाली, वडील तेच आहेत पण त्यांना आम्ही काका म्हणतो, आणि भाजी पिकवतात ते वडिलांचे मोठे भाऊ, पण त्यांना आम्ही बाबा म्हणतो. हे तिने इंग्रजीतून कसं सांगितलं असेल ते देवालाच ठाऊक. साहेब ओरडला नाही की काही नाही. शांतपणे पासपोर्ट परत केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

चूक कोणाची म्हणायची, भाऊजी? अनूची आई संजीवनी गेली तेव्हा पोर नुकती धरून धरून चालायला लागली होती. प्रज्वल ह्यांना बाबा म्हणायचा, तुम्हाला काका म्हणायचा. तिने ऐकलं तसं उचललं. गावात निम्म्या घरांतून हेच आहे. बापाला भाऊ म्हणणारी पोरं आहेत, सख्ख्या आईला वहिनी म्हणणारी आहेत. आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

आणखी एकदा जाता येतं. पण चंद्रशेखर म्हणतो, पहिला गोंधळ त्यांच्याकडे लिहिलेला असणार, तेव्हा वडिलांचा कागद सोबत असलेला बरा. तुम्ही नोटरीसमोर लिहून द्यायचं की मुलगी माझी, तिचं सगळं पहिल्यापासून माझा मोठा भाऊ करतो, माझी हरकत नाही. एवढंच.

तुमचा राग मला ठाऊक आहे. दुसरं लग्न करून पुष्पांजलीला पहिल्यांदा घेऊन तुम्ही अनूला न्यायला आलात, पोर तिच्यासमोर "काका आले, काका आले" म्हणून ओरडली आणि नेणार म्हटल्यावर ह्यांच्या धोतरामागे लपली. "ठेवा तुमची पोट्टी तुमच्याजोळ," म्हणून तुम्ही पाणीसुद्धा न पिता निघालात. त्यावर आपण नंतर निवांत भांडू. आधी कागद पाठवा.

ह्यांना या पत्राचं माहीत नाही. कळवू नका.

कौशल्या वहिनी


२८ मे २०२५

वामन भाऊजी,

आशीर्वाद आहेच, पण आज तो देताना हात जरा आखडतो.

तुमचा फोन आला तेव्हा मी मिरच्या तोडत होते. इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकून मी तिथेच सरीत बसले. आवाजात म्हातारपण आलं आहे तुमच्या. आणि मग तुम्ही जे बोललात ते मी शब्दन्‌शब्द अनूला सांगितलं, काही गाळलं नाही.

"कागद देतो वयनी, कायले नाई देनार. पन पोट्टीनं सोता फोन करावा. अन् मले बाबा म्हनावं. एकडाव म्हनावं, मंग काई नाई म्हनलं तरी चालते."

अनू तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने हातातलं लुगडं पिळून पिळून त्याची दोरी केली. मग म्हणाली, "मी नाई म्हनत. मले बाबा हायेत. थे पाहा, वांग्यात पानी देऊन राह्यले. नसन भेटत कागद तं नसो. मी काई जात नाई तिकडं."

मी म्हटलं, अगं नुसता शब्द आहे.

ती म्हणाली, "नुसता शब्द हाये तं त्याईले काऊन पाहिजे?"

 याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर पाठवा. ही जिद्द तिच्यात कुठून आली म्हणून विचारू नका, आरशात बघा.

मी थकले आहे भाऊजी. पहाटे भाजी काढायची, ती टेम्पोत घालून द्यायची, मग चंद्रशेखरचा फोन घ्यायचा. तो रोज विचारतो, कागदाचं कुठवर आलं? विद्यापीठ ऑगस्टपर्यंत जागा धरून ठेवणार, पुढे नाही. मुंबईची तारीख मिळणंही आपल्या हातात नाही. आणि इथे दोन माणसं एका शब्दाची दोन टोकं धरून बसली आहेत. एक दुर्गला, एक माझ्या अंगणात. सोडायला कोणी तयार नाही.

पोरीचं आयुष्य असं अडवून धरलंत म्हणून तुमचा राग येतो. पण पूर्ण येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही मोठी मागणी केलेली नाही हे मलाही कळतं. बाप मुलीकडे मागतो त्यात सगळ्यात लहान मागणी असेल ती. पण जी गोष्ट मागून घ्यावी लागते ती कशी लागणार तुम्हाला, गोड की कडू, याचा विचार केलात का?

उत्तर लवकर कळवा. शक्यतो दुपारी फोन करा, हे बाजारात असतात.

कौशल्या


१५ जून २०२५

वामन भाऊजींना आशीर्वाद.

ह्यांना कळलं.

मी आणि अनू आतल्या खोलीत वाद घालत होतो. हे ओट्यावर बसून भाजीचे कॅरेट दुरुस्त करत होते, ते आमच्या लक्षात राहिलं नाही. हातोडीचा आवाज थांबला तेव्हा समजलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तुमचं नाव काढायचं नाही असा या घरातला नियमच आहे.  पण थोड्या वेळाने हातोडी पुन्हा सुरू झाली.

सकाळी टेम्पो भरून झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि हे चपला काढून पुन्हा घरात आले. अनू केस विंचरत होती. तिला म्हणाले, "आजपासून मले काका म्हन."

ती हसली. तिला वाटलं गंमत करतात.

"हासू नको. वामन्याले बाबा म्हनाची सवय लाव अन् मले काका म्हनाची. तुले पाठ कराचं हाये ना? मंग घरीच पाठ कर. थ्या सायबापुढं पुन्हा जीभ घसरली तं कायमची माघारी येशील."

"मी नाई म्हननार."

"तुह्या बापाचं नाव काय?"

अनू पुन्हा केस विंचरायला लागली.

"बापाचं नाव काय म्हनून पुसलं."

"वामनराव."

"अन् मी कोन?"

बाहेर टेम्पोवाला बोंबलत होता. पोरीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हे तिच्यासमोर उभे, हलायला तयार नाहीत. शेवटी ती म्हणाली, "अंकल."

"मोठ्यानं म्हन."

"माय अंकल."

"बराबर," म्हणाले आणि बाजाराला निघून गेले. जाताना मला सांगितलं, "वामन्याचं काई चुकलं नाई. त्याचा हक्क हाये थो." मी तुमच्या दोघांपुढे हात टेकले. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाहीत, आणि पोरीला रडवायची वेळ आली तर दोघं एका बाजूला.

तेव्हापासून रोज चालू आहे. सकाळी टेम्पो भरला की शाळा. बापाचं नाव काय? ते काय करतात? मी कोण? मी काय करतो? इंग्रजी ह्यांना येत नाही, पण 'फादर' कुठे आणि 'अंकल' कुठे यायला पाहिजे ते कान देऊन ऐकतात. चुकली की "पुन्हा" म्हणतात. पहिल्या दिवसांत ती रडत म्हणायची, मग रागात म्हणायला लागली, मग नुसती म्हणायला लागली.

काल एक गोष्ट झाली ती तुम्हाला सांगायला हवी. पाणी वाफा फोडून वाहून चाललं होतं. अनू या टोकाला, हे त्या टोकाला विहिरीपाशी. ती ओरडली, "काका, मोटार बंद करा!" घाईत ओरडली, ठरवून नाही. ह्यांनी मोटार बंद केली. आणि मग मोटारीच्या पेटीशेजारी खाली बसले ते उठेचनात. मी जाऊन विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, "आलं तिले. न रडता आलं."

शिकवलेलं आलं तर माणसाला आनंद व्हायला पाहिजे. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं. यात तुम्ही काय करावं हे मी सांगत नाही. मला माहीतही नाही.

वहिनी


३० जून २०२५

वामन भाऊजी, पुष्पांजली,

दोघांना आशीर्वाद.

अनूने फोन केला तो तुम्हाला माहीतच आहे. मी इकडची बाजू सांगते.

तिला कोणी सांगितलं नाही. ह्यांनी नाही, मीही नाही. सकाळची शाळा संपली आणि ती फोन घेऊन गोठ्याच्या मागे निंबाखाली गेली. मी भाकरी करत होते. तवा रिकामा तापत राहिला, पण उठून ऐकायला जायचं धाडस झालं नाही. परत आली ती सरळ भांडी घासायला बसली. घासलेली भांडी पुन्हा घासत होती.

मी विचारलं, "म्हनलं?"

"म्हनलं."

"मंग?"

"मंग थे बोलेचनात. मले वाटलं फोन कटला. मंग काकू बोलल्या. म्हने, थांब बेटा, त्यायनं तोंड धुवाले घेतलं."

भाऊजी, मी तुम्हाला मागच्या पत्रांत पुष्कळ बोलले. त्यातलं अर्धं परत घेते. अर्धं ठेवते.

कागद कुरिअरने आला. चंद्रशेखरने वाचला आणि डोकं खाजवायला लागला. म्हणाला, मी दिलेला मजकूर बरोबर आहे, पण खाली हे काय वाढवलंय? तुम्ही लिहिलं होतं, "माझ्या मोठ्या भावाने तिला माझ्यापेक्षा चांगलं वाढवलं." तो म्हणाला, याची गरज नव्हती, पण आता खाली नोटरीचा शिक्का आहे, खोडता येत नाही. मी म्हटलं, मग राहू दे बाबा, खोडता येत नाही तर.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नोटरीनं लिवलं असन." पुढे त्यांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि पुन्हा म्हणाले, "नोटरीच असन." 

मुंबईची तारीख मिळाली आहे. आता फक्त तेवढं होऊ द्या.

वहिनी


२० जुलै २०२५

वामन भाऊजींना आशीर्वाद.

व्हिसा झाला. अनूने फोनवर कळवलंच असेल, पण काय झालं ते तिने सांगितलं की नाही कोण जाणे. म्हणून लिहिते.

कोणी विचारलंच नाही.

खिडकीत या खेपेला एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, कोणत्या पिकाच्या रोगावर काम करणार? अनूने तुरीवरचा मर रोग सांगितला, उभं झाड कसं वाळत जातं ते सांगितलं. बाईंनी आणखी दोन-चार प्रश्न त्यावरच विचारले. मग म्हणाल्या, मंजूर. वडील कोण, काका कोण, भाजी कोण पिकवतं, कशाचं नाव नाही. तुमचा कागद पिशवीतल्या पिशवीत राहिला. अनू म्हणते, मीच म्हटलं, कागद दाखवू का? त्या म्हणाल्या, नको.

तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. खूप हसले. मग भिंतीला टेकून बसले. एवढं सगळं आपण कशासाठी केलं भाऊजी? ह्यांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःला काका करून घेतलं, तुम्ही मागू नये ते मागून घेतलं, पोरीने रडून रडून जीभ वळवली, आणि तिथे कोणाला त्याची गरजच नव्हती.

आता ते परत कसं फिरवायचं? मी ह्यांना म्हटलं, आता सांगा तिला पहिल्यासारखं म्हणायला. हे म्हणाले, "कोन्या तोंडानं सांगू? काका म्हनाले लावलं म्याच." आणि अनू मुंबईहून आल्यापासून त्यांना काहीच म्हणत नाही. बाबा नाही, काका नाही. "ऐका ना" म्हणते, "इकडे या ना" म्हणते. नवऱ्याला हाक मारावी तशी. ह्यांच्याही लक्षात आलं आहे. सकाळी टेम्पो भरून झाला की दोघं थोडा वेळ उगीच उभे राहतात. शाळा नसते ना आता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघेल. मलकापूरहून गाडी आहे, प्रज्वल मुंबईपर्यंत सोबत जाणार. तुमच्याकडून येणाऱ्या गाड्या मलकापूरला थांबतात. या. मी बोलावते म्हणून नका येऊ. ह्यांनीच सांगितलं आहे. काल भाजीचा हिशेब करता करता मान वर न करता म्हणाले, "वामन्याले बोलव. बाप हाये."

वहिनी


१० ऑगस्ट २०२५

वामन भाऊजी,

सुखरूप पोचलात ना? पुष्पांजलीने दिलेले डिंकाचे लाडू अनूने बॅगेत वरच ठेवले होते.

तुम्ही आलात, बरं केलंत. भाऊ भावाला भेटेल तेव्हा काय होईल या विचाराने मी आदल्या दिवसापासून धास्तावले होते. आणि तुम्ही दोघं काय बोललात, तर गाडी उशिरा आहे का, आणि तिकडे पाऊस कसा आहे. पण ह्यांनी तुमच्या हातातली पिशवी घेतली आणि शेवटपर्यंत परत दिली नाही, ते मी पाहिलं.

एक गोष्ट तुम्ही पाहिली नाही. तुमचं लक्ष गाडीकडे होतं, म्हणून सांगते. गाडी हलली आणि अनू दारातून "बाबा" म्हणून ओरडली. तुम्ही हात वर केलात. ह्यांनीही केला होता, तुमच्या मागे उभं राहून. मग तुमचा हात दिसला तसा त्यांनी आपला खाली घेतला आणि टोपी सारखी केली. ती कोणाला म्हणाली, मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

घरी आलो. ह्यांनी कपडे बदलले, वांग्याला पाणी सोडून आले, आणि ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी काही बोलायला गेले की म्हणत, "तू पड जरा, थकली."

दिवेलागणीला तिचा विमानतळावरून फोन आला. आत जायच्या आधीचा शेवटचा. आवाज एकदम लहान मुलीचा. म्हणाली, "आई, बाबाले दे फोन."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनत्या बाबाले?"

मला तसं विचारायचं नव्हतं भाऊजी. एवढ्या दिवसांत जिभेला वळणच पडलं होतं.  तिच्या मागे सूचना चालल्या होत्या, लोक बोलत होते. मला वाटलं रडते की काय. मग म्हणाली, "जे जेवले नसतील, त्याईले दे."

स्टेशनवरून आल्यापासून ह्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मी तिला हे सांगितलेलं नव्हतं. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि ताट वाढायला आत गेले.

तुम्ही दुर्गला पोचल्यावर जेवलात का, ते मला माहीत नाही. कळवा.

कौशल्या वहिनी